मस्तिष्कस्तंभातील पिवळा प्रकाश

माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज मज्जापेशी आहेत अशी आजची गणना आहे, आणि या अफाट लोकसंख्येत सेरोटोनिन नावाचे द्रव्य तयार करणाऱ्या पेशी अवघ्या काही लाख भरतात. मेंदूला मज्जारज्जूशी जोडणारा जो मस्तिष्कस्तंभ, त्याच्या ऐन मध्यरेषेवर, डावी आणि उजवी बाजू जिथे एकमेकींना भिडतात तिथे, खालच्या लंबमज्जेपासून वरच्या मध्यमस्तिष्कापर्यंत त्यांचे लहानलहान पुंजके वसलेले असून, शरीररचनाशास्त्रात ते राफे केंद्रे या नावाने ओळखले जातात. या मूठभर पेशींपासून निघालेले तंतू कुठवर जातात याचा माग काढू लागले म्हणजे मती गुंग होते. कारण गावाच्या वरच्या अंगाला असलेल्या एकाच विहिरीचे पाणी पाटापाटाने साऱ्या बागायतीत खेळावे, तसे ते तंतू वर मोठ्या मेंदूच्या बाह्यावरणापर्यंत आणि खाली मज्जारज्जूच्या शेवटापर्यंत पोहोचलेले आहेत, आणि मेंदूचा असा प्रांत क्वचितच सापडेल की ज्यात त्यांचा शिरकाव नाही.

या पेशी मनुष्याच्या दृष्टीस कशा पडल्या, आणि त्या दिसण्यापूर्वी व दिसल्यानंतर त्यांच्या कार्याविषयी कोणकोणते सिद्धांत मांडले गेले आणि कोणते मोडले, याचा इतिहास मुख्यतः १९३७ ते १९७६ या चार दशकांचा आहे. तो सविस्तर सांगण्याजोगा आहे, कारण त्यात शास्त्राच्या व्यवहारातली एक मोठी शिकवण साठवलेली आहे. सेरोटोनिनला ज्यांनी ज्यांनी एकच एक अधिकारपद बहाल करण्याचा प्रयत्न केला, कोणी शहाणपणाचे, कोणी निद्रेचे, कोणी आनंदाचे, त्या सर्वांच्या सनदा काळाने परत घेतल्या. परंतु ज्यांनी हे द्रव्य कुठे आहे, किती आहे, आणि त्याच्या पेशींचे तंतू कोणत्या वाटेने जातात एवढेच धीराने पाहिले आणि नोंदवले, त्यांचे काम अद्याप जागच्या जागी उभे आहे.

१

कथेचा आरंभ आतड्यात होतो. इटलीतील पाव्हिया येथे व्हित्तोरिओ एर्स्पामेर हे तरुण संशोधक पचनमार्गाच्या अस्तरातील एका विशिष्ट जातीच्या पेशींचा अभ्यास करीत होते. सशाच्या जठराच्या अस्तरापासून ॲसिटोनच्या साह्याने काढलेल्या अर्कात स्नायूंना आकुंचित करण्याची शक्ती असल्याचे त्यांच्या ध्यानात आले. हे ॲड्रेनलीनच असावे असा तर्क काही रसायनज्ञांनी केला. पण एर्स्पामेर यांनी अनेक कसोट्या लावून, हे द्रव्य निराळे आहे याची खातरजमा केली, माफ्फो व्हियाल्ली यांच्या सहकार्याने १९३७ साली ते काम प्रसिद्ध केले, आणि पुढे त्या द्रव्याला 'एंतेरामिना' असे नाव दिले. अष्टपाद नावाच्या समुद्री प्राण्याच्या लालाग्रंथींतही त्यांना तेच द्रव्य आढळले. मेंदूशी याचा काही संबंध असेल असे त्या वेळी कोणाच्या स्वप्नातही नव्हते.

अटलांटिक महासागरापलीकडे, अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिक या संस्थेत अर्व्हिन पेज हे उच्च रक्तदाबाच्या कारणांचा शोध घेत होते, आणि एका जुन्या अडचणीने ते बेजार झाले होते. रक्त साकळल्यावर मागे राहणाऱ्या रक्तरसात रक्तवाहिन्यांना आवळणारे काहीतरी उतरते, हे एकोणिसाव्या शतकापासून ठाऊक होते. आणि हे उपरे द्रव्य रक्तदाबाच्या खऱ्या कारकाच्या शोधात पदोपदी व्यत्यय आणीत होते. ते वेगळे काढून बाजूला सारावे, एवढ्याच हेतूने पेज यांनी मॉरिस रॅपोर्ट हे तरुण रसायनज्ञ आणि आर्डा ग्रीन या प्रथिनांच्या निष्णात अभ्यासक यांच्याकडे हे काम सोपवले. गुरांच्या रक्ताचा प्रचंड साठा पालथा घालून त्यांनी १९४८ साली त्या द्रव्याचे अल्पसे शुद्ध स्फटिक हस्तगत केले, आणि त्याला सेरोटोनिन हे नाव मिळाले. पुढच्याच वर्षी रॅपोर्ट यांनी त्याची रासायनिक घडण उकलली: आपल्या आहारातील ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून दोन साध्या पायऱ्यांनी बनणारा तो एक छोटा रेणू होता. १९५१ साली तो प्रयोगशाळेत कृत्रिम रीतीने तयार होऊ लागला, आणि १९५२ साली एर्स्पामेर व अझेरो यांनी दाखवून दिले की पाव्हियाची एंतेरामिना आणि क्लीव्हलँडचे सेरोटोनिन ही दोन्ही एकाच पदार्थाची नावे आहेत.

२

या द्रव्याला मेंदूच्या दरबारात आणून उभे करण्याचा मान बेटी ट्वारॉग या तरुण स्त्रीकडे जातो, आणि तोही शिंपल्याच्या मार्गाने. हार्वर्डमध्ये जॉन वेल्श यांच्या मार्गदर्शनाखाली त्या खडकाला चिकटून राहणाऱ्या एका समुद्री शिंपल्याच्या स्नायूंचा अभ्यास करीत होत्या. हा स्नायू एकदा आवळला म्हणजे फारशी शक्ती न वेचता तासन्‌तास आवळलेला राहतो. तो सैल करण्याची आज्ञा मज्जातंतू कोणत्या द्रव्याच्या द्वारे देतात, हा त्यांच्यापुढला प्रश्न होता. एकामागून एक पदार्थ पारखत गेल्यावर सेरोटोनिनने तो स्नायू सैल झाला. तेव्हा त्यांच्या मनात असा विचार आला की, इतक्या प्राचीन वंशाच्या प्राण्यात हे द्रव्य मज्जातंतूंचा निरोप्या म्हणून राबत असेल, तर सस्तन प्राण्यांच्या मेंदूत ते असलेच पाहिजे.

१९५२ साली त्या ओहायोत राहावयास गेल्या आणि पेज यांना भेटल्या. पेज यांची दृष्टी रक्तवाहिन्यांवर खिळलेली होती, आणि मेंदूत सेरोटोनिन सापडेल यावर त्यांचा फारसा विश्वास नव्हता. तरी या तरुण संशोधिकेला जागा आणि साधने देण्याचा उमदेपणा त्यांनी दाखवला, ही गोष्ट त्यांच्या लौकिकात भर घालणारी आहे. सेरोटोनिनच्या अल्पांशालाही प्रतिसाद देणारे शिंपल्याचे हृदय हेच ट्वारॉगबाईंचे मोजमापाचे यंत्र होते. त्याच्या साह्याने त्यांनी सस्तन प्राण्यांच्या मेंदूच्या अर्कात सेरोटोनिन असल्याचे सिद्ध केले, आणि १९५३ साली तो निबंध दोघांच्या नावाने प्रसिद्ध झाला. पुढच्या वर्षी एडिंबरो येथे अमीन, क्रॉफर्ड आणि जॉन गॅडम यांनी कुत्र्याच्या मेंदूची प्रांतवार मोजणी केली, तेव्हा हायपोथॅलॅमसमध्ये हे द्रव्य विपुल आणि लहान मेंदूत अत्यल्प असल्याचे आढळले. ज्या द्रव्याची वाटणी इतकी असमान आहे ते रक्तातून झिरपून आलेले नसून मेंदूने स्वतःच्या प्रयोजनासाठी बाळगलेले आहे, असे मानण्यास येथून आधार मिळाला.

३

आता सिद्धांतांचा काळ सुरू झाला. स्वित्झर्लंडमधील आल्बर्ट हॉफमन यांनी १९३८ साली तयार केलेल्या आणि १९४३ साली ज्याचा विलक्षण मानसिक परिणाम त्यांच्या अनुभवास आला त्या एल.एस.डी. या पदार्थाचा बोलबाला त्या वेळी झाला होता. अत्यल्प मात्रेने मनुष्याचे मन भ्रमिष्ट करणारा हा पदार्थ साध्या स्नायूंवरील सेरोटोनिनची क्रिया रोखतो, असे गॅडम यांना दिसून आले. त्यांनी १९५३ साली तो स्वतः घेऊनही पाहिला. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेतील डिलवर्थ वूली, ज्यांची दृष्टी मधुमेहाने ऐन तारुण्यात गेली होती आणि जे त्या अवस्थेतही रसायनशास्त्राच्या अग्रभागी राहिले, त्यांनी एडवर्ड शॉ यांच्यासह १९५४ साली असा पक्ष मांडला की, मनाचे स्वास्थ्य मेंदूतील सेरोटोनिनवर अवलंबून आहे आणि काही मानसिक विकार त्याच्या उणिवेमुळे उद्भवत असावेत. विचार धाडसी होता, आणि मनोविकारांचा विचार रसायनाच्या भाषेत करण्याची वाट त्याने मोकळी केली. परंतु सेरोटोनिनला तितक्याच जोराने रोखणारा, एल.एस.डी.चाच एक सगोत्र पदार्थ मनुष्याला भ्रमिष्ट करीत नाही असे लवकरच आढळले, आणि मूळ स्वरूपातील तो पक्ष लंगडा पडला.

याच सुमारास आपल्या देशातील एका वनस्पतीने या प्रकरणात महत्त्वाची साक्ष दिली. सर्पगंधेचा उपयोग वैद्य आणि गावठी जाणकार उन्मादावर व निद्रानाशावर पिढ्यान्‌पिढ्या करीत आले होते. गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ साली रक्तदाब व उन्माद या दोहोंवरील तिच्या गुणाची नोंद केली होती. पण पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष तिकडे खेचून घेतले ते मुंबईचे डॉ. रुस्तुम जाल वकील यांच्या निबंधाने. उच्च रक्तदाबाच्या रोग्यांवर सर्पगंधेचा काय परिणाम होतो याचा त्यांनी पद्धतशीर अभ्यास केला, तो १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल' मध्ये छापला गेला, आणि पुढे १९५७ साली त्याबद्दल त्यांना अमेरिकेतील लास्कर पारितोषिक मिळाले. दरम्यान १९५२ साली बाझेलच्या सिबा कंपनीतील रसायनज्ञांनी या मुळीतून रेसर्पिन हे क्रियाशील द्रव्य वेगळे काढले, आणि ते मनोरुग्णालयांतून मोठ्या प्रमाणावर वापरले जाऊ लागले.

रेसर्पिन दिलेला प्राणी शांत, सुस्त आणि निरिच्छ होतो. तो तसा का होतो, याचा तपास अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत बर्नार्ड ब्रोडी यांच्या देखरेखीखाली झाला, आणि १९५५ साली प्लेचर, शोर व ब्रोडी या तिघांनी असे जाहीर केले की, रेसर्पिनमुळे शरीराच्या कोठारांतून सेरोटोनिन मुक्त होऊन साठा रिकामा होतो. मनावर क्रिया करणारे औषध आणि मेंदूतील एक रासायनिक द्रव्य यांची सांगड प्रत्यक्ष मोजमापाने घातली गेल्याचे हे अगदी आरंभीचे उदाहरण होय. पण त्यानंतर लवकरच, ब्रोडी यांच्याकडे काही महिने काम करून स्वीडनला परतलेले आर्व्हिद कार्लसन यांनी निल्स-ओके हिलार्प यांच्या साह्याने दाखवले की रेसर्पिन ॲड्रेनलीनच्या कुळातील द्रव्यांचे साठेही असेच लुटते. आणि १९५७ साली तर त्यांना असे दिसले की, रेसर्पिनने निपचित पडलेले प्राणी डोपा हे द्रव्य टोचताच उठून चालू लागतात, पण सेरोटोनिनचे पूर्वद्रव्य टोचल्याने तसे काही घडत नाही.

मग खरा मुखत्यार कोण, हा वाद माजला. तो निकालात निघणे शक्य नव्हते, कारण तोपर्यंतची सर्व मोजणी मेंदू वाटून, त्याचा अर्क काढून केलेली होती. अमुक भागात अमुक द्रव्य इतके आहे एवढे त्यातून कळे. ते मज्जापेशींत आहे की इतरत्र, आणि मज्जापेशींत असल्यास नेमक्या कोणत्या पेशींत, हे वाटलेल्या मेंदूला विचारून उपयोग नव्हता. १९६० साली लंडनमध्ये भरलेल्या एका परिषदेत, ही द्रव्ये मेंदूत निरोप्याचे काम करतात हे कार्लसन यांचे म्हणणे त्या काळच्या धुरीणांच्या गळी उतरले नाही, याचेही कारण तेच होते: प्रत्यक्ष पाहिल्याचा दाखला नव्हता.

४

तो दाखला स्वीडनने पैदा केला, आणि या इतिहासाचे सर्वांत तेजस्वी पर्व तेच आहे. लुंड येथील बेंग्ट फाल्क आणि हिलार्प यांना ठाऊक होते की फॉर्माल्डिहाइडशी संयोग झाल्यावर ही द्रव्ये जंबुपार किरणांखाली चमकू लागतात. परंतु ऊतक फॉर्माल्डिहाइडच्या द्रावणात बुडवले की हे लहान रेणू विरघळून इतस्ततः पसरत, आणि कोणती पेशी कोणत्या द्रव्याची मालकीण हे कळण्याचा मार्ग बंद होई. यावर त्यांनी काढलेली तोड साधी आणि म्हणूनच थोर होती: पाण्याचा स्पर्शच टाळावयाचा. ऊतक क्षणार्धात गोठवायचे, गोठलेल्या स्थितीतच निर्वातात सुकवायचे, आणि मग त्याला सुमारे ८० अंश उष्णतेवर तासभर फॉर्माल्डिहाइडच्या वाफेत ठेवायचे. म्हणजे रेणू जागचा न हलता, जिथे असेल तिथेच वाफेशी संयोग पावून दीप्तिमान होतो. अशा रीतीने तयार केलेला काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून जंबुपार किरण सोडले की नॉरॲड्रेनलीन व डोपामीन बाळगणाऱ्या पेशी हिरव्या तेजाने उजळतात, आणि सेरोटोनिन बाळगणाऱ्या पेशी पिवळ्या. १९६२ साली या पद्धतीचा मूळ निबंध प्रसिद्ध झाला.

कागदावर ही कृती सोपी वाटते. करणाऱ्याला मात्र ती नित्य सतावीत असे. ज्या पॅराफॉर्माल्डिहाइडच्या भुकटीतून ही वाफ निघे तिच्यात ओलावा किती आहे यावर सारा निकाल अवलंबून असे. ओलावा कमी पडला तर संयोग अपुरा राही, आणि जास्त झाला तर द्रव्य आपल्या जागेवरून पसरे. त्यातून सेरोटोनिनचा पिवळा प्रकाश हिरव्यापेक्षा मंद, आणि किरणांखाली पाहता पाहता विरून जाणारा; त्यामुळे निरीक्षकाने भरभर पाहावे, भरभर नोंदवावे आणि पुढच्या कापाकडे वळावे, याला पर्याय नसे. सेरोटोनिनचा नाश करणाऱ्या विकराला रोखून धरणारे नियालामाइड हे औषध प्राण्याला आधी देऊन पेशींतील साठा वाढवण्याची तजवीज केली, तेव्हा कुठे त्या पिवळ्या पेशी निःसंदिग्ध दिसू लागल्या.

१९६२ साली हिलार्प स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत ऊतकशास्त्राचे प्राध्यापक झाले, आणि त्यांच्याभोवती वैद्यकाच्या विद्यार्थ्यांचा एक विलक्षण मेळा जमला. शेल फुक्से, आन्निका डालस्ट्रोम, टोमास ह्योकफेल्ट, उर्बान उंगरस्टेड, लार्स उल्सन ही नावे पुढे मज्जाशास्त्रात जगभर गाजली. त्या वेळी ती सर्व विशीतली पोरे होती. मेंदूतील या द्रव्यांच्या पेशींची संपूर्ण पाहणी करण्याचे काम डालस्ट्रोम आणि फुक्से यांच्या वाट्याला आले. उंदराच्या मस्तिष्कस्तंभाचे कापामागून काप तपासून त्यांनी जे वर्णन १९६४ साली एका स्कँडिनेव्हियन नियतकालिकाची पुरवणी म्हणून प्रसिद्ध केले, त्यात हिरव्या पेशींचे बारा आणि पिवळ्या पेशींचे नऊ पुंजके क्रमांकवार मांडले होते. हिरव्यांना ए-१ ते ए-१२ आणि पिवळ्यांना बी-१ ते बी-९ असे क्रमांक त्यांनी दिले, आणि पिवळ्यांचा बहुतेक सारा मुलूख राफे केंद्रांत पडतो हे स्पष्ट झाले. नॉर्वेतील आल्फ ब्रोदाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० साली मांजराच्या राफे केंद्रांचे बारकाईने वर्णन केले होते, पण त्या केंद्रांचा व्यवसाय काय याचा पत्ता नव्हता. तो आता लागला. मध्यमस्तिष्कातील बी-७ हा या सर्वांत मोठा पुंजका ठरला.

पेशी सापडल्या, त्यांच्या वाटा शोधावयाच्या राहिल्या. त्यासाठी या तरुणांनी तंतूंचा मार्ग निरनिराळ्या ठिकाणी छेदून पाहिला. छेदाच्या पलीकडील तंतूंतला प्रकाश काही दिवसांत मावळे आणि पेशीच्या बाजूला द्रव्य तुंबून प्रकाश वाढे. त्यावरून प्रवाहाची दिशा निश्चित करता येई. १९६५ साली मज्जारज्जूत उतरणाऱ्या वाटा आणि १९६६ सालापर्यंत मोठ्या मेंदूकडे चढणाऱ्या वाटा नोंदवल्या गेल्या. लंबमज्जेतील खालचे पुंजके मुख्यतः मज्जारज्जूकडे आपले तंतू धाडतात, आणि मध्यमस्तिष्कातील वरचे पुंजके मोठ्या मेंदूकडे, ही कामाची वाटणी तेव्हा ध्यानात आली आणि ती आजही मान्य आहे. ज्यांच्या बुद्धीतून हे सारे निघाले ते हिलार्प मात्र मार्च १९६५ मध्ये, वयाची पन्नाशीही गाठण्यापूर्वी कर्करोगाने निवर्तले. आपल्या विद्यार्थ्यांच्या हातून मेंदूचा एक नवा नकाशा तयार झालेला त्यांनी पाहिला, पण त्याचे जगाने केलेले स्वागत त्यांना पाहावयास मिळाले नाही. कार्लसन यांना २००० साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्या यशाच्या पायात हिलार्प यांचे श्रम आहेत, याची नोंद न्यायाने केली पाहिजे.

५

नकाशा हाती आल्याबरोबर, या पेशींचा अधिकार काय, हा प्रश्न नव्या जोमाने पुढे आला. आणि त्याचे सर्वांत भारदस्त उत्तर फ्रान्समधील लियाँ येथून आले. मिशेल ज्यूव्हे यांनी निद्रेच्या त्या विलक्षण अवस्थेचे वर्णन केले होते जिच्यात मेंदू जागृतासारखा सक्रिय, डोळे चंचल आणि शरीराचे स्नायू मात्र पूर्ण शिथिल असतात. आता त्यांनी मांजरांची राफे केंद्रे नष्ट करून पाहिली, तेव्हा त्या प्राण्यांची झोपच उडाली, आणि केंद्रांचा जितका अधिक भाग गेला तितका निद्रानाश तीव्र झाला. सेरोटोनिनची निर्मिती थांबवणारे औषध दिले तरी तेच. आणि त्याचे पूर्वद्रव्य टोचून ती निर्मिती पुन्हा सुरू केली की मांजर झोपी जाई. १९६९ साली ज्यूव्हे यांनी हा सर्व पुरावा एकत्र मांडला, आणि सेरोटोनिन हे निद्रेचे द्रव्य आहे असे जगाने जवळजवळ मान्य करून टाकले.

पण राफेच्या पेशींची स्वतःची जबानी अजून घेतली गेली नव्हती. येल विद्यापीठात जॉर्ज अगाजानियन यांनी स्वीडिश नकाशाच्या आधारे या पेशींपर्यंत सूक्ष्म विद्युदग्र पोहोचवला होता, आणि एल.एस.डी. दिल्याबरोबर त्या स्तब्ध होतात हे १९६८ साली दाखवले होते. १९७६ साली कॅलिफोर्नियातील डेनिस मॅकगिंटी आणि रॉनल्ड हार्पर यांनी मोकळ्या फिरणाऱ्या, झोपणाऱ्या व जागणाऱ्या मांजरांत या पेशींचे स्पंद नोंदवले. त्या निद्रेच्या अधिकारी असत्या तर झोप येताना त्यांचे काम वाढावयास हवे होते. घडत होते ते नेमके उलट. जागेपणी त्या सेकंदाला एक-दोन अशा संथ, अचूक ठेक्यात स्पंदन करीत. झोप लागताच त्यांची गती मंदावे. आणि ज्यूव्हे यांनीच वर्णिलेल्या त्या स्वप्नमय निद्रेत त्या जवळजवळ पूर्ण मूक होत. प्रिन्स्टन येथे बॅरी जेकब्स यांनीही हेच पाहिले, आणि पुढे असेही दाखवले की चालणे, चघळणे, अंग चाटणे अशा तालबद्ध हालचाली चालू असता यांतील काही पेशींची गती वाढते. खुद्द ज्यूव्हे यांच्या प्रयोगशाळेत राफे केंद्र थंड करून तात्पुरते निष्क्रिय केले तेव्हा मांजराला झोप लागली. ज्यूव्हे यांनी या विरोधी पुराव्याकडे पाठ फिरवली नाही. आपला सिद्धांत त्यांनी मोकळेपणाने बदलला, आणि दीर्घायुष्याच्या अखेरीसही सेरोटोनिन व निद्रा यांची कथा अपूर्ण असल्याचे ते लिहीत राहिले. त्यांची ती सावधगिरी रास्त होती. कारण २०१९ साली मासे आणि उंदीर यांवरील प्रयोगांनी असे सुचवले की राफे पेशींचे संथ स्पंदन निद्रेला पोषकच आहे. फिर्याद अद्याप निकाली निघालेली नाही.

६

याच काळात तिसरा सिद्धांत उदयास आला होता, आणि लोकमानसावर त्याचा पगडा सर्वांत दीर्घकाळ राहिला. खिन्नतेवर गुणकारी ठरलेली १९५० च्या दशकातील औषधे या द्रव्यांचे मेंदूतील वास्तव्य लांबवतात असे दिसून आल्यावर, ॲलेक कॉपेन यांनी इंग्लंडमध्ये आणि लापिन व ओक्सेनक्रुग यांनी रशियात, १९६० च्या दशकाच्या अखेरीस, सेरोटोनिनच्या उणिवेमुळे विषण्णतेचा विकार जडत असावा असा तर्क मांडला. त्यावर आधारलेली औषधे निघाली. कार्लसन यांच्या प्रेरणेने तयार झालेले झिमेलिडीन दुष्परिणामांमुळे १९८३ साली मागे घ्यावे लागले. इलाय लिली कंपनीचे फ्लुओक्सेटीन १९८७ सालच्या डिसेंबरात अमेरिकेत मान्यता पावले आणि जगभर पसरले. या औषधांनी असंख्य रोग्यांना दिलासा दिला आहे. ती घेणाऱ्या कोणीही वैद्याच्या सल्ल्यावाचून ती सोडू नयेत. परंतु औषध गुणकारी असणे आणि रोगाचे कारण कळणे या दोन भिन्न बाबी होत. गोळी घेतल्यावर सेरोटोनिन काही तासांतच वाढते आणि मन मात्र सुधारावयास आठवडे लागतात, ही विसंगती आरंभापासून डोळ्यांसमोर होती. आणि विषण्ण मनुष्याच्या मेंदूत सेरोटोनिन कमी असते, हे विधान ठाम पुराव्याने आजवर कोणी सिद्ध केलेले नाही.

मग या पेशी करतात तरी काय? बर्लिनमधील संशोधकांनी २००३ साली मेंदूतील सेरोटोनिन घडवणारे स्वतंत्र विकर शोधून काढले, आणि पुढे ज्यांच्यात ते विकरच नाही असे उंदीर जन्मास घातले. मेंदूत जवळजवळ सेरोटोनिन नसतानाही ते उंदीर जगले; मात्र त्यांची वाढ खुंटली, पिल्लांपैकी अनेक पहिल्या काही आठवड्यांत दगावली, श्वासोच्छ्वास व शरीराची उष्णता यांचे नियमन ढिले पडले, आणि माद्यांनी आपल्या पिल्लांची हेळसांड केली. कोणतेही एक कार्य मुळापासून बंद पडले नाही, पण सर्व कार्यांचा समतोल बिघडला. माणसातील करुण दाखलाही याला जुळतो: झोपेत अकस्मात दगावणाऱ्या तान्ह्या मुलांपैकी अनेकांच्या लंबमज्जेत सेरोटोनिनच्या यंत्रणेचे वैगुण्य आढळते, असे बॉस्टनमधील हॅना किनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली दाखवून दिले. प्राणवायू कमी पडला असता बाळाला जागे करून श्वास घ्यावयास लावण्याचे काम ज्या पेशींकडे आहे, त्याच तिथे दुबळ्या असतात.

यावरून जो निष्कर्ष निघतो तो असा की, राफेच्या पेशी मेंदूला एकेरी हुकूम सोडीत नाहीत. एकाच संथ ठेक्यात त्या साऱ्या मेंदूभर आपले द्रव्य पोहोचवतात, आणि ते चौदा प्रकारच्या ग्राहींवर पडून, एका ठिकाणी वेदनेचा निरोप दाबते, दुसऱ्या ठिकाणी श्वासाला बळ देते, तिसऱ्या ठिकाणी भूक, क्रोध वा भय यांना आवर घालते. अशा द्रव्याचे एका शब्दात वर्णन करू पाहणारा प्रत्येक सिद्धांत थोडा खरा आणि बराच अपुरा ठरणार, हे उघड आहे. वूली, ज्यूव्हे आणि कॉपेन ही थोर माणसे होती, आणि त्यांच्या तर्कांनीच पुढचे प्रयोग सुचवले, हे ऋण विसरता येणार नाही. तथापि शास्त्राचे टिकाऊ धन त्यांच्या सिद्धांतांपेक्षा, शिंपल्याच्या हृदयावर मेंदूचा अर्क तोलणाऱ्या ट्वारॉगबाईंच्या आणि विरत्या पिवळ्या प्रकाशात पेशी टिपणाऱ्या स्टॉकहोमच्या विद्यार्थ्यांच्या नोंदवह्यांत अधिक सापडते. आज वृत्तपत्रांतून आणि जाहिरातींतून सेरोटोनिनला 'आनंदाचे द्रव्य' म्हणून मिरवले जाते, तेव्हा वाचकाने या चार दशकांचा इतिहास स्मरावा आणि त्या बिरुदाला आधार काय, हे अवश्य विचारावे. सिद्धांत आले आणि गेले. डालस्ट्रोम आणि फुक्से यांनी १९६४ साली घातलेले बी-१ ते बी-९ हे क्रमांक मात्र जगातील मज्जाशास्त्रज्ञ आजही वापरीत आहेत.